कारागिराचे फिरते दुकान : वाहनाची निवड आणि मांडणी

वीजतंत्री, प्लंबर, सुतार किंवा वातानुकूलन यंत्रे बसविणारा तंत्रज्ञ यांचे दुकान त्यांच्याबरोबरच फिरत असते. एकेकाळी स्कूटरच्या पायाशी मावणारी हत्यारांची पिशवी त्यांना पुरत असे. आता ड्रिल मशीन, कटर, शिडी आणि सुट्या भागांचे डबे सोबत न्यावे लागतात. 1984 मध्ये आलेली आणि पुढे ओम्नी या नावाने ओळखली गेलेली मारुतीची व्हॅन अनेक वर्षे या कामी आली. तिचे उत्पादन 2019 मध्ये थांबले. 2005 मध्ये टाटा एस हा छोटा ट्रक आला आणि ‘छोटा हाथी’ या नावाने देशभर परिचित झाला. 2010 मध्ये मारुतीची ईको आली. आज बाजारात पर्याय भरपूर आहेत. मात्र असे वाहन बहुधा कर्ज काढून घेतले जाते आणि चुकीच्या निवडीचे हप्ते काही वर्षे फेडावे लागतात. म्हणूनच किंमत विचारण्याआधी आपला माल मोजणे हिताचे ठरते.

वजनाचा हिशेब

वाहनाच्या नोंदणी प्रमाणपत्रावर रिकाम्या वाहनाचे वजन आणि भारासह अनुज्ञेय असलेले एकूण वजन, असे दोन आकडे असतात. या दोहोंतील फरक म्हणजेच वाहनाची खरी क्षमता होय. चालक, मदतनीस, हत्यारे, माल आणि मागाहून बसविलेले कप्पे हे सर्व त्यातच धरावे लागते. उदाहरणार्थ, दोन माणसांचे 140 किलो, हत्यारांचे 100 किलो आणि सिमेंटच्या 10 गोण्यांचे 500 किलो मिळून 740 किलो होतात. पाऊण टनाचे वाहन एवढ्यानेच भरते. फरशीच्या पेट्यांना त्यात जागा उरत नाही.

जादा भार लादल्यास वाहन थांबण्यास अधिक अंतर लागते, टायर तापतात आणि कमानीचे पाटे लवकर बसतात. शिवाय मोटार वाहन कायद्यातील 2019 च्या दुरुस्तीनुसार अशा वाहनास 20,000 रुपये दंड आणि प्रत्येक जादा टनामागे आणखी 2,000 रुपये भरावे लागतात.

लांबीचा प्रश्न

नळकामाचे पाइप साधारणतः 10 किंवा 20 फूट लांबीचे येतात, तर छोट्या ट्रकचा हौदा सुमारे 7 फुटांचा असतो. मागे बाहेर आलेला पाइप रात्री मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराला दिसत नाही आणि तो जीवघेणा ठरू शकतो. वाहनाच्या मर्यादेबाहेर आलेल्या भारासाठीही 20,000 रुपयांच्या दंडाची तरतूद आहे. त्यामुळे लांब माल दुकानदाराकडून थेट कामाच्या जागी पोहोचवून घ्यावा किंवा मापे आधी घेऊन दुकानातच कापून घ्यावा.

उघडे की बंद?

उंच आणि अवजड वस्तू वारंवार नेणाऱ्यास उघडा हौदा सोयीचा असतो. मात्र पावसासाठी ताडपत्री आणि चोरीपासून रक्षणासाठी कुलूपबंद लोखंडी पेटी आवश्यक ठरते. महागडी हत्यारे आणि बारीक सुटे भाग ज्याच्या कामात अधिक आहेत, त्यास बंद व्हॅन उपयुक्त होय. प्रवासी व्हॅनची आसने काढून तीत माल भरण्याची पद्धत मात्र टाळावी. नोंदणी आणि प्रत्यक्ष वापर यांत तफावत असल्यास अपघातानंतर विम्याच्या दाव्यात अडचण येऊ शकते.

व्यावसायिक मालवाहू वाहनास पिवळी नंबर प्लेट आणि ठरावीक मुदतीने घ्यावयाचे योग्यता प्रमाणपत्र आवश्यक असते. विजेवरील वाहनास हिरवी प्लेट असते. भारासह एकूण वजन 3,000 किलोपर्यंत असलेल्या मालवाहू वाहनास कायद्याच्या कलम 66 नुसार परवान्याची, म्हणजे परमिटची, गरज नसते. हलक्या मोटार वाहनाच्या लायसन्सवर 7,500 किलोपर्यंतचे मालवाहू वाहन चालविता येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर 2024 मध्ये दिला. वाहनाच्या विम्यात आतील हत्यारे सर्वसाधारणतः समाविष्ट नसतात. त्यांच्यासाठी स्वतंत्र विमा घ्यावा लागतो.

आतील मांडणी

जड वस्तू तळाशी आणि चालकाच्या मागील भिंतीला टेकवून ठेवाव्यात. हलक्या वस्तू वरच्या कप्प्यांत असाव्यात आणि दोन्ही बाजूंचा भार समतोल राखावा. ताशी 50 किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एखाद्या वस्तूवर आदळून थांबले, तर मागील सुटा हातोडा त्याच वेगाने पुढे येतो. सुमारे 10 मीटर उंचीवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून पडलेल्या हातोड्याचा वेग तेवढाच असतो. म्हणून चालक आणि माल यांमध्ये भक्कम जाळी असावी व प्रत्येक कप्प्यास पुढे कड असावी.

रोज लागणारी पकड, पाने, टेस्टर आणि ड्रिल मागील दाराजवळ हाताशी असावीत. स्क्रू, वायसर, क्लिपा यांचे झाकणाचे डबे करून त्यांवर नावे लिहावीत. फळीवर प्रत्येक हत्याराची बाह्यरेषा रंगवून ठेवल्यास काम संपताना काय मागे राहिले, हे एका नजरेत कळते. विसरलेल्या पान्यासाठी पुन्हा गावभर जाण्यातील इंधन आणि वेळ कोणत्याही बिलात लावता येत नाही.

वायूचे सिलिंडर नेताना विशेष दक्षता आवश्यक आहे. ॲसिटिलीनचा सिलिंडर नेहमी उभाच ठेवावा, कारण त्यातील वायू ॲसिटोन या द्रवात विरघळविलेला असतो. नव्या वातानुकूलन यंत्रांतील आर-32 आणि आर-290 हे वायू ज्वलनशील आहेत. असे सिलिंडर बांधून, व्हॉल्व्ह बंद करून न्यावेत आणि उन्हात उभ्या केलेल्या किंवा रात्रभर बंद राहणाऱ्या व्हॅनमध्ये ठेवू नयेत.

खरेदीपूर्वी एक सोपी चाचणी करता येते. विचाराधीन वाहनाच्या हौद्याची मापे घेऊन ती अंगणात खडूने आखावीत आणि नेहमीचा सारा माल त्या चौकटीत मांडून पाहावा. वर्दळीच्या दिवशी लागणारा माल जागेच्या आणि वजनाच्या मर्यादेत बसत असेल, तरच ते वाहन आपल्या कामाचे समजावे. पुढे महिन्यातून एकदा वाहन पूर्ण रिकामे करून अनावश्यक वस्तू घरी उतरविल्यास ही मर्यादा कायम पाळता येते.