स्कॉटिश संसदेतील एक प्रादेशिक अपक्ष सदस्या : मार्गो मॅकडोनाल्ड

स्कॉटिश संसदेच्या १२९ सदस्यांपैकी ५६ सदस्य आठ प्रदेशांतून यादीपद्धतीने निवडले जातात. ही पद्धत मुळात पक्षांच्या सोयीची. तरीही एडिनबरो परिसरातील लोथियन प्रदेशातून मार्गो मॅकडोनाल्ड २००३, २००७ व २०११ मध्ये अपक्ष म्हणून निवडून आल्या. स्वतः कंपवाताने ग्रस्त असलेल्या मॅकडोनाल्ड यांनी साहाय्यित मृत्यूचे विधेयक मांडले. पक्षादेशाविना झालेल्या मतदानात, १ डिसेंबर २०१० रोजी, ते ८५ विरुद्ध १६ मतांनी फेटाळले गेले. २०१३ मध्ये त्यांनी दुसरे विधेयक आणले. ४ एप्रिल २०१४ रोजी त्यांचे निधन झाले. पॅट्रिक हार्वी यांनी ते पुढे चालविले. २७ मे २०१५ रोजी तेही ८२ विरुद्ध ३६ मतांनी नामंजूर झाले. मात्र पाठिंबा दुपटीहून अधिक वाढला होता, ही बाब दुर्लक्षिण्याजोगी नाही. अपक्षामागे यादी नसते. त्यामुळे त्यांची जागा २०१६ च्या निवडणुकीपर्यंत रिक्तच राहिली.