तंजावरचें दर्शन आणि शिलालेखाची साक्ष

ऐतिहासिक नगरें पाहावयास जाणाऱ्या मंडळींची संख्या अलीकडे फार वाढली आहे. पांचसात जणांची लहानशी तुकडी करावी, एखादा वाटाड्या बरोबर घ्यावा आणि त्या नगरांतील नामांकित स्थळें क्रमानें पाहावीं, ही पद्धत आतां सर्वत्र रूढ झाली आहे. संशोधक या पद्धतीकडे बहुधा तुच्छतेनें पाहतात. वाटाड्याच्या तोंडचा इतिहास हा त्यांच्या लेखीं चेष्टेचा विषय असतो. आमचाहि समज असाच होता. परंतु तंजावर येथें आम्ही सात जणांनीं अशा दर्शनांत दोन दिवस घालविले आणि त्या समजास धक्का बसला. तो कसा बसला, आणि जुने कागद जमविणाऱ्यांनीं व वाचणाऱ्यांनीं त्यापासून काय घ्यावें, हें सांगण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

तंजावराशीं महाराष्ट्राचा संबंध वाचकांस परिचित आहे. शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजीराजे यांनीं इ. स. १६७५ च्या सुमारास तेथें आपला अंमल बसविला. तेव्हांपासून १८५५ त दुसरे शिवाजीराजे वारेपर्यंत, म्हणजे सुमारें १८० वर्षें, कावेरीच्या कांठीं मराठी दरबार नांदत होता. पुण्याची पेशवाई १८१८ त बुडाल्यावरहि तेथील दप्तरांत मोडीची लेखणी चालूच होती. असें असतां आपल्याकडील पुष्कळांस हें नगर केवळ नांवानें ठाऊक असतें. म्हणूनच आम्हीं त्याची निवड केली.

दर्शनास आरंभ अर्थातच बृहदीश्वराच्या देवालयापासून झाला. पहिली वेस मराठ्यांच्या नांवानें ओळखली जाते. तिच्या आंत चोळकालीन दोन गोपुरें ओलांडलीं म्हणजे विस्तीर्ण फरसबंदी चौक लागतो. समोरचा प्रचंड नंदी नायकांच्या काळचा, त्यामागील विमान चोळ राजा पहिला राजराज याचें. आमचा वाटाड्या तमिळ गृहस्थ होता. वयानें प्रौढ, बोलण्यांत नम्र, आणि आपल्या विषयाचा त्यास खरा अभिमान. त्यानें प्रथम आम्हांस विमानाच्या जोत्यावरील तमिळ लेख दाखविले. राजानें स्वतः दिलेलीं, त्याच्या वडील बहिणीनें व राण्यांनीं दिलेलीं आणि इतरांनीं दिलेलीं दानें दगडावर कोरून ठेवावीं, अशी आज्ञा त्यांत नमूद आहे. शिखरावर बसविण्याचा तांब्याचा कलश राजराजानें आपल्या कारकीर्दीच्या २५ व्या वर्षीं २७५ व्या दिवशीं दिला, म्हणजे इ. स. १०१० त. देवालयाच्या सेवेसाठीं निरनिराळ्या देवळांतून आणलेल्या ४०० नर्तकींचीं नांवें व त्यांस नेमून दिलेलीं घरेंहि या लेखांतून कळतात. एखाद्या संस्थानाचें जमाखर्चाचें दप्तर उभ्या भिंतीवर मांडावें, तसा हा प्रकार आहे. दप्तरें चाळणाऱ्या आमच्या डोळ्यांस तो विमानाच्या उंचीपेक्षांहि अधिक विस्मयकारक वाटला.

यानंतर वाटाड्यानें ती सुप्रसिद्ध आख्यायिका सांगितली : या विमानाची छाया जमिनीवर कधींच पडत नाहीं. दिवस डिसेंबरचे होते व वेळ भर माध्यान्हीची. आम्हीं त्यास आदरपूर्वक विमानाच्या उत्तर अंगास नेलें. शिखराची छाया तेथें फरसबंदीवर स्वच्छ पडलेली होती. आमच्यांतील एक दोघे हंसले. वाटाड्या हंसला नाहीं. 'मी लहानपणापासून ऐकत आलों तेंच सांगितलें', एवढेंच तो म्हणाला.

हंसून मोकळें होण्यासारखी ही गोष्ट नव्हती, हें हिशेब केल्यावर आमच्या ध्यानांत आलें. विमान २०० फुटांहून अधिक उंच आहे व त्याच्या पायाची प्रत्येक बाजू सुमारें १०० फूट आहे; वर जातां जातां तें निमुळतें होत जातें. तंजावराचें अक्षांश १० अंश ४७ कलांच्या जवळपास असल्यामुळें एप्रिलच्या मध्याच्या सुमारास व ऑगस्टच्या उत्तरार्धांत सूर्य माध्यान्हीं जवळजवळ डोक्यावर येतो. मार्चच्या अखेरीपासून सप्टेंबरपर्यंत माध्यान्हीची शिखराची छाया विमानाच्या स्वतःच्या पायाबाहेर सहसा जात नाहीं. हिवाळ्यांत मात्र ती उत्तरेस लांब पडते, आणि सकाळसंध्याकाळीं तर बारा महिने पडते. म्हणजे उन्हाळ्यांतील माध्यान्हीं कोणी पाहिलेली खरी गोष्ट 'कधींच' या एका शब्दानें खोटी झाली. दंतकथा बहुधा अशाच जन्मतात. तिला असत्य म्हणून फेंकून दिलें तर तिच्या पोटांतील खरें निरीक्षणहि हातचें जातें.

गर्भगृहाभोंवतालच्या आंतील प्रदक्षिणामार्गांत चित्रें आहेत. पण तो मार्ग सर्वसाधारण यात्रेकरूंस खुला नसल्यामुळें आम्हीं त्यांचीं छायाचित्रें पाहूनच समाधान मानिलें. दीर्घकाळ तेथील चित्रें नायकांच्या काळचींच समजलीं जात. १९३१ त एस. के. गोविंदस्वामी यांस वरचा थर सुटलेल्या जागीं त्याखालीं चोळकालीन चित्रें दिसलीं. एकाच भिंतीवर सहा शतकांच्या अंतरानें दोन हातांनीं काम केलें होतें. जुनी अक्षरें पुसून त्यावर नवें लिहिलेलें पान ज्यानें हाताळलें आहे, त्यास या भिंतीचा अर्थ निराळा समजावून सांगावयास नको.

आतां मुख्य गोष्टीकडे वळूं. प्राकाराच्या नैर्ऋत्य बाजूच्या भिंतींवर मराठी भाषेंत, देवनागरी लिपींत, एक फारच विस्तृत लेख कोरलेला आहे. दुसरे सरफोजीराजे यांनीं तो इ. स. १८०३ त कोरविला. त्यांत भोसले कुळाचा वृत्तांत आहे, आणि 'भोसले वंश चरित्र' या नांवानें तो प्रसिद्ध आहे. वाटाड्यानें तेथें जाण्याचें मनांत आणिलें नव्हतें. त्याच्या नेहमींच्या श्रोत्यांपैकीं थोड्यांसच ही भाषा येते. त्यामुळें या भिंतीजवळ थांबण्याचें त्यास कारण पडत नसे. आम्हीं आग्रह धरिला व तेथें दीड तास काढिला. त्या परक्या चौकांत आपली भाषा हाताच्या उंचीवर दगडांत वाचावयास मिळतांच आमच्या मंडळींची काय अवस्था झाली, हें लिहून दाखविणें कठीण आहे. एकानें ओळींमागून ओळी मोठ्यानें वाचल्या. दुसऱ्याचा कंठ दाटून आला.

वाटाड्या शांतपणें ऐकत होता. वाचन थांबल्यावर त्यानें विचारलें, 'आपण आमच्या छायेची परीक्षा केलीत. या लेखांत आहे तें सर्व खरें आहे काय?'

त्याच्या विचारण्यांत कुचेष्टा नव्हती, पण आम्हांस तत्काळ उत्तर सुचलें नाहीं. त्याच्या आख्यायिकेस जो प्रश्न आम्हीं सकाळीं घातला होता, तोच आपल्या लेखास घालण्याचें आमच्यांतील एकाच्याहि मनांत आलें नव्हतें.

त्या रात्रीं उताऱ्यावर बसून आम्हीं त्याचा विचार केला, तो असा. लेख १८०३ चा आहे. शहाजीराजे १६६४ त वारले, शिवाजी महाराज १६८० त. म्हणजे त्यांच्या चरित्रांतील गोष्टींविषयीं हा लेख सव्वाशें वर्षांनीं किंवा त्याहूनहि उशिरां बोलतो. तो समकालीन पुरावा नव्हे. दगडावर कोरल्यामुळें मजकुराचें वय वाढत नाहीं. नंतर कोणास फेरफार करणें मात्र अवघड होतें. दुसरी गोष्ट लेखाच्या हेतूची. सरफोजीराजांस तुळजाराजांनीं १७८७ त दत्तक घेतलें. पण त्या दत्तकाच्या योग्यतेविषयीं वाद उपस्थित होऊन गादी अमरसिंहाकडे गेली, ती सरफोजीराजांस १७९८ त मिळाली. पुढील वर्षींच, १७९९ त, इंग्रजांशीं झालेल्या तहानें राज्याचा कारभार कंपनीकडे गेला. राजांच्या हातीं मान उरला, सत्ता उरली नाहीं. त्यानंतर चार वर्षांनीं हा लेख कोरला गेला. ज्याच्या वारसाविषयीं वाद झाला व ज्याची सत्ता गेली, अशा पुरुषास आपल्या कुळाची परंपरा अमिट अक्षरांत मांडाविशी वाटावी, यांत नवल काय? राजराजानें आपलीं दानें कोरविलीं तीं ऐश्वर्याच्या शिखरावर असतां; सरफोजीराजांनीं आपला वंश कोरविला तो राज्य गेल्यावर. देवालय एकच, दगडहि तसाच; परंतु दोन लेखांमागील गरज निराळी आहे.

यावरून हा लेख टाकाऊ ठरतो असें कोणी समजूं नये. १६७० च्या घटना ठरवितांना त्यास एकट्यानें साक्षीस उभा करणें धोक्याचें आहे. परंतु १८०३ त तंजावरच्या दरबारांत आपल्या पूर्वजांविषयीं काय मानिलें जात होतें, कोणत्या गोष्टी सांगण्याजोग्या वाटत होत्या, तेथील मराठी कशी होती, यांविषयीं तो पहिल्या प्रतीचा साक्षीदार आहे. त्याची योग्यता कमी होत नाहीं. त्यास कोणता प्रश्न विचारावा एवढें बदलतें. छायेच्या कथेंत जसें एक खरें निरीक्षण दडलें होतें, तसेंच हेंहि. दुसऱ्या दिवशीं सकाळीं आम्हीं हें उत्तर वाटाड्यास सांगितलें. त्यानें तें वहींत टिपून घेतलें.

दुसरा दिवस शिवगंगा तलावाजवळील ख्रिस्ती मंदिर, राजवाडा व ग्रंथालय यांकडे गेला. तें मंदिर श्वार्ट्झ या मिशनऱ्यानें १७७९ त बांधविलें. सरफोजीराजांच्या बाळपणीं त्यांचा सांभाळ व शिक्षण यांत त्याचा मोठा हात होता. तो १७९८ त वारला. मंदिरांत फ्लॅक्समन या इंग्रज शिल्पकारानें संगमरवरांत घडविलेला देखावा आहे : श्वार्ट्झ मरणशय्येवर आहे व सरफोजीराजे त्याच्याजवळ उभे आहेत. काम अत्यंत सुरेख आहे. तथापि शिल्पकारानें हिंदुस्थान पाहिलें नव्हतें. राजांच्या कृतज्ञतेचा हा उत्तम पुरावा होय. त्या खोलीचा व त्या क्षणाचा नव्हे. हें आम्हीं सांगण्यापूर्वीं वाटाड्यानेंच हंसत हंसत सांगितलें.

राजवाड्याचें मूळ काम नायकांचें, पुढील वाढ मराठ्यांची. त्यांतच सरस्वती महाल हें ग्रंथालय आहे. त्याचा प्रारंभ नायकांपासून असला तरी त्यास आजचें मोठेपण सरफोजीराजांनीं आणिलें; १८२० त काशीयात्रेस निघाले असतां त्यांनीं वाटेंत व काशींत ग्रंथ मिळविले. येथील संस्कृत पोथ्यांची वर्गवार सूची बर्नेल यांनीं १८८० त प्रसिद्ध केली. ग्रंथालय सार्वजनिक झालें तें १९१८ त. याच राजांनीं तंजावरांत देवनागरी खिळ्यांचा छापखाना काढून एकोणिसाव्या शतकाच्या आरंभींच मराठी पुस्तक छापविलें, ही गोष्ट आमच्या मुद्रणाच्या इतिहासांत पुरेशा ठळकपणें येत नाहीं.

परंतु मनास टोंचणी लागली ती तेथील मोडी रुमालांची. दरबारचा खर्च, देवस्थानें, औषधशाळा, गवई, शागीर्दपेशा यांचे हिशेब व पत्रें त्यांत आहेत. भिंतीवरील लेख सर्वांनीं वाचावा म्हणून लिहिला गेला. हे कागद कोणा परक्यानें वाचावे म्हणून लिहिलेच नव्हते, आणि म्हणून त्यांची साक्ष कित्येक बाबतींत अधिक निर्मळ आहे. भिंतीस जे प्रश्न घालतां येत नाहींत, ते या रुमालांस घालतां येतात. तमिळ विद्वानांनीं यांपैकीं कांहींचीं तमिळ भाषांतरें प्रसिद्ध करून मोठें कार्य केलें आहे. महाराष्ट्रांत मात्र शाळांतून मोडी गेल्यापासून ती भरभर वाचणारे थोडे राहिले, आणि त्यांतून तंजावरास जाऊन बसणारे त्याहून थोडे. दगडावरील आपली भाषा पाहून डोळे भरून येणें सोपें आहे; कागदावरील आपली भाषा वाचतां न येणें ही खरी लाजेची गोष्ट होय.

अशा दर्शनास निघणाऱ्या मंडळींस अनुभवावरून दोन शब्द सांगतों. तुकडी सातआठ जणांहून मोठी असूं नये. भिंतीजवळ उभे राहून सर्वांस एकच ओळ वाचतां आली पाहिजे. वाटाड्याचें बोलणें मध्येंच तोडूं नये; तें पुरावा म्हणूनच टिपावें, आणि त्याच संध्याकाळीं पाहिलेलें, ऐकलेलें व पूर्वीं वाचलेलें अशीं तीन निराळीं टिपणें करावीं. त्यांची सरमिसळ झाली कीं महिन्याभरांत आपणहि छायेची कथा सांगूं लागतों. आणि जी कसोटी दुसऱ्याच्या अभिमानास लावावयाची, ती आपल्या अभिमानास आधीं लावावी.

शेवटीं एक विनंती. तंजावर दरबाराशीं संबंध असलेलीं मराठी घराणीं आजहि कावेरीच्या कांठीं व अन्यत्र आहेत. ज्या संग्राहकांपाशीं त्यांच्याकडील पत्रें, यादी अथवा हिशेबाचीं पानें असतील, त्यांनीं मूळ कागद हातचे न सोडतां निदान त्यांच्या नकला व छायाचित्रें अभ्यासकांस उपलब्ध करून द्यावीं. कागद कोठून व कोणाकडून आला, हेंहि त्यावर नोंदवावें. पुढें कोणी 'हें सर्व खरें आहे काय?' असें विचारील, तेव्हां उत्तर देण्याचें साधन त्या नोंदींत असेल.