गाडी आपल्या नावावर, मग विम्याचे कागदही आपल्या हातात!



मागच्या महिन्यात एका गटाच्या बैठकीत कर्जमागणीचा विषय चालू होता. एका मावशींनी मुलाच्या मोटारसायकलसाठी ४० हजारांची मागणी केली. मुलाचं वय विचारलं, तर सतरावं चालू! मावशी म्हणाल्या, "अगं, गाडी माझ्याच नावावर घेणार आहे. मग काय अडचण?"

कोपऱ्यात बसलेल्या एक ताई इतका वेळ गप्प होत्या. त्या म्हणाल्या, "अडचण तिथूनच सुरू होते, मावशी." आणि मग त्यांनी आपली गोष्ट सांगितली. स्कुटी ताईंच्या नावावर होती. दीर घेऊन गेला, त्याच्याकडे लायसन्स नव्हतं. रस्त्यात एका म्हाताऱ्या बाबांना धडक बसली, त्यांचा पाय मोडला. विम्याची मुदत दोन महिन्यांपूर्वीच संपलेली होती. कोर्टाची नोटीस आली ती दिरासोबत ताईंच्याही नावाने. भरपाईसाठी त्यांना दोन शेळ्या विकाव्या लागल्या. "गाडी मी कधी चालवलीसुद्धा नाही गं," हे त्यांचं वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. त्या दिवशी घरी आल्यावर मी आधी माझ्याच स्कुटीचे कागद काढले. विमा संपायला फक्त नऊ दिवस राहिले होते!

म्हणून या अंकात गाडीच्या विम्याबद्दल बोलूया.

विमा दोन प्रकारचा असतो

पहिला थर्ड पार्टी विमा. आपल्या गाडीमुळे दुसऱ्या कोणाला इजा झाली, जीव गेला किंवा नुकसान झालं, तर त्याची भरपाई यातून मिळते. मोटार वाहन कायदा १९८८ नुसार हा सक्तीचा आहे. तो नसताना गाडी रस्त्यावर आणली तर पहिल्या वेळी २,००० आणि पुढच्या वेळी ४,००० रुपये दंड आहे. तीन महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते.

दुसरा आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा. अपघात, चोरी, पूर, आग यासाठी. हा सक्तीचा नाही, पण कर्जाने घेतलेल्या गाडीला असलेला बरा. गाडी चोरीला गेली तरी हप्ते थांबत नाहीत.

खर्च किती येतो?

थर्ड पार्टीचे दर सरकार ठरवतं. २०२२ साली लागू झालेल्या दरांनुसार ७५ ते १५० सीसीच्या दुचाकीला वर्षाला ७१४ रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी धरून साधारण ८४३ रुपये होतात. म्हणजे महिन्याला जेमतेम ७० रुपये! बऱ्याच गटांत आपली महिन्याची बचत यापेक्षा जास्त असते. हजार सीसीपर्यंतच्या खाजगी कारला २,०९४ रुपये अधिक जीएसटी. मालवाहू पिकअपला मात्र १६ हजारांच्या वर जातात.

नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सुरुवातीलाच घ्यावा लागतो. गंमत अशी, की पाच वर्षं काही भरायचं नसतं म्हणून सहाव्या वर्षी तो आठवतच नाही. जुनी गाडी विकत घेतानाही हीच तारीख आधी बघा.

चालवणारा धोक्याचा असेल तर?

काही देशांत वारंवार अपघात करणाऱ्याचा किंवा दारू पिऊन चालवणाऱ्याचा विमा महाग होतो. आपल्याकडे थर्ड पार्टीचा दर गाडी बघून ठरतो, चालवणारा बघून नाही. जपून चालवणाऱ्या ताईला आणि सुसाट पळवणाऱ्या पोराला सारखाच दर. त्यामुळे कोणी चालवली तरी काय फरक पडतो, असं वाटतं. फरक पडतो, पण तो अपघातानंतर कळतो, आणि वसुली येते ती गाडीमालकावर. पुढच्या गोष्टी नीट लक्षात ठेवा.

• लायसन्स नाही: जखमी माणसाला पैसे देण्याचा आदेश कोर्ट विमा कंपनीला देऊ शकतं, पण नंतर ती रक्कम कंपनी गाडीमालकाकडून वसूल करू शकते. म्हणजे विमा असूनही खिसा आपलाच. शिवाय विनालायसन्स चालवण्याचा दंड ५,००० रुपये.

• वय १८ च्या आत: पालकाला किंवा गाडीमालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद. गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द. मुलाला वयाच्या २५ वर्षांपर्यंत लायसन्स नाही. सोळाव्या वर्षी मिळणारं लायसन्स फक्त ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीसाठी असतं. गावात दिसणाऱ्या बहुतेक स्कुटी १०० सीसीच्या वरच्या आहेत.

• दारू पिऊन: पहिल्या वेळी १०,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा कंपनी नाकारते.

• पिकअपमधून माणसं: मालवाहू गाडीत फुकट किंवा भाडं देऊन बसलेल्यांना त्या गाडीच्या विम्याचं संरक्षण नसतं. लग्नाला, जत्रेला, मजुरीला आपणच अशा गाडीत दाटीवाटीने उभ्या असतो, नाही का?

१५ लाखांची गोष्ट

विमा घेताना गाडीमालकासाठी १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमाही असतो. पण तो मालकाचाच, आणि मालकाकडे लायसन्स असेल तरच. गाडी आईच्या नावावर आणि चालवतो मुलगा, अशा वेळी देव न करो, पण मुलाला काही झालं तर हे १५ लाख त्याच्यासाठी मिळत नाहीत. आईकडे लायसन्स नसेल तर तिलाही नाहीत.

याचा अर्थ बायकांनी गाडी नावावर घेऊ नये असा मुळीच नाही! मालमत्ता आपल्या नावावर असलीच पाहिजे. फक्त नुसतं नाव नको, लायसन्सही काढा आणि गाडीही चालवा. मुलगाच चालवणार असेल, तर तो १८ चा झाल्यावर, लायसन्स काढून, त्याच्या नावावर घ्या.

गाडी विकली, नाव तसंच?

पैसे घेतले, चावी दिली, विषय संपला, असं होत नाही. आरटीओच्या कागदावर जिचं नाव, तिलाच कायदा मालक मानतो. नव्या मालकाने उद्या अपघात केला तरी नोटीस आपल्याला. म्हणून विकल्यावर १४ दिवसांच्या आत आरटीओला कळवा, नाव बदलल्याचा कागद हातात घ्या.

अपघात झालाच तर

आधी जखमींना दवाखान्यात न्या, मग पोलिसांत आणि विमा कंपनीला लगेच कळवा. आपल्या घरातलं माणूस जखमी झालं असेल, तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात सहा महिन्यांच्या आत अर्ज करा. धडक देणारी गाडी पळून गेली आणि सापडलीच नाही, तरी मृत्यू झाल्यास दोन लाख आणि गंभीर जखमेसाठी ५० हजार रुपयांची सरकारी भरपाई आहे. त्यासाठी तहसील कार्यालयात चौकशी करा. वकिलाची फी कुठून आणायची, ही काळजी नको. महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. तालुका विधी सेवा समितीकडे जा.

पुढच्या बैठकीत हे करूया

१. ज्यांच्या नावावर गाडी आहे त्यांनी आरसी आणि विम्याचा कागद घेऊन या. कागद सापडत नसेल तर एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकून विम्याची तारीख बघता येते.
२. विमा संपण्याची तारीख गटाच्या वहीत लिहा. ज्यांचा संपत आलाय त्यांना सचिवांनी महिनाभर आधी आठवण करावी.
३. गाडी कोण कोण चालवतं आणि त्यांच्याकडे लायसन्स आहे का, हे घरी विचारा.
४. गाडीसाठी कर्ज देताना लायसन्स आणि विम्याची झेरॉक्स घ्यायची, असा ठराव करा.

त्या दिवशी त्या गटाने मावशींचं कर्ज नाकारलं नाही, पुढे ढकललं. पोरगा १८ चा झाला, लायसन्स काढलं, की मिळेल. मावशी थोड्या नाराज झाल्या खऱ्या. पण निघताना त्या ताईंच्या शेजारी थांबून म्हणाल्या, "नोटीस आली तेव्हा कोणाला विचारलंस तू?" ताई म्हणाल्या, "कोणालाच नाही. लाज वाटली."

मैत्रिणींनो, लाजू नका. कागद समजत नसेल तर बैठकीत घेऊन या. आपण मिळून वाचू.

– तुमची क्षेत्र समन्वयक