यादी, अक्षरमाला आणि मराठी नावे

शाळेचा हजेरीपट असो की शिधापत्रिकाधारकांची नोंद असो, कारकुनी कामाचा मोठा भाग नावे मांडणे, शोधणे व ताडून पाहणे यातच जातो. हे काम संगणकाकडून करवून घ्यावयाचे असल्यास, १९९१ मध्ये गिदो व्हॅन रॉसम यांनी प्रसिद्ध केलेली पायथन ही भाषा नवशिक्यास सोयीची आहे. तीत दोन गोष्टी प्रथम समजून घ्याव्या लागतात. अवतरणचिन्हांत लिहिलेला मजकूर म्हणजे अक्षरमाला किंवा 'स्ट्रिंग', आणि चौकटी कंसात स्वल्पविराम देऊन मांडलेले घटक म्हणजे यादी किंवा 'लिस्ट'.

समजा, आपण ['पेडणे', 'डिचोली', 'सत्तरी'] अशी गोव्यातील तीन तालुक्यांची यादी केली. मोजणी शून्यापासून होते. म्हणून ० या स्थानी पेडणे, तर २ या स्थानी सत्तरी. 'अपेंड' या आज्ञेने शेवटी 'फोंडा' जोडता येतो. अक्षरमालेत असा फेरफार होत नाही. 'स्ट्रिप' वा 'रिप्लेस' या आज्ञा मूळ नावास हात न लावता नवे नाव तयार करून देतात. ते साठवून ठेवले नाही तर श्रम वाया जातात. याउलट 'सॉर्ट' ही आज्ञा यादीच जागच्या जागी क्रमाने लावते व उत्तरादाखल काहीच देत नाही. ते 'काहीच नाही' यादीच्याच नावाखाली साठविले, की सारी यादी हातची जाते. या चुकीतून सुटलेला नवशिक्या विरळाच!

खरी कसोटी लागते ती मराठी नावांपाशी. 'डिचोली' हा शब्द आपण तीन अक्षरांचा मानतो. पायथन त्याची लांबी ६ सांगते. युनिकोड या संकेतप्रणालीत व्यंजन व त्यास लागलेले स्वरचिन्ह यांस स्वतंत्र क्रमांक आहेत, आणि पायथन हे क्रमांकच मोजते.

आता 'ॲग्नेस' हे नाव घेऊ. यातील आद्याक्षर दोन प्रकारे टंकित होते. एक प्रकार २००८ साली युनिकोडमध्ये आलेल्या एकाच चिन्हाचा. दुसरा 'अ' पुढे चंद्राचे चिन्ह वेगळे देण्याचा. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण तुलना करता पायथन त्यांस भिन्न ठरविते. अर्जांच्या यादीत एक प्रकार व मंजुरीच्या यादीत दुसरा असेल, तर पात्र स्त्रीचे नाव गळते आणि छापील कागद पाहणाऱ्या अधिकाऱ्यास दोष कोठेच दिसत नाही. नावाच्या शेवटी राहून गेलेली मोकळी जागाही असाच घात करते.

यास्तव याद्या ताडण्यापूर्वी प्रत्येक नावावर 'स्ट्रिप' चालवून कडेच्या मोकळ्या जागा काढाव्यात, 'रिप्लेस'ने दुहेरी लेखनाचे एकच रूप करावे, आणि ही शुद्ध नावे नव्या यादीत भरावीत. मूळ यादी मात्र तशीच राखावी. यानंतरही जी नावे जुळत नाहीत, ती आपोआप अपात्र न ठरविता निराळी काढावीत. 'पाटील' आणि 'पाटिल' ही एकच व्यक्ती की दोन, हे पायथनला विचारून कळावयाचे नाही. तेथे गावच्या तलाठ्यासच विचारावे लागते.