आधारदंतांची जामीनकी

पडलेल्या दाताच्या जागी पूल बसविणे म्हणजे रिकाम्या जागेत नवा दात ठेवणे, अशी सर्वसामान्य समजूत असते. परंतु खामगावातील एका दवाखान्यात हे काम जवळून पाहताना ध्यानी आले की, नव्या दाताचा विचार तेथे सर्वांत शेवटी होतो, आणि आरंभीची सारी चौकशी शेजारच्या आधारदंतांची होते.

खुर्चीवरील साठीच्या शेतकऱ्याची खालची पहिली दाढ पूर्वीच काढलेली होती. ही दाढ सहाव्या वर्षाच्या सुमारास, एकही दुधाचा दात न पाडता मागून उगवते, म्हणून पुष्कळ पालक तिला दुधाचीच समजून तिच्या किडीकडे दुर्लक्ष करतात. क्ष-किरण चित्रात डॉक्टरांनी प्रथम शेजाऱ्यांच्या मुळांची लांबी आणि सभोवतीचे हाड पाहिले. कारण पुलावरचा प्रत्येक घास अखेर या दोन जामिनांच्याच खात्यावर पडतो. आधारदंतांच्या मुळांचे हाडातील एकूण क्षेत्रफळ गेलेल्या दातांच्या मुळांहून कमी असू नये, हा दंतवैद्य आंटे यांनी १९२६ साली मांडलेला नियम आजही मार्गदर्शक मानला जातो.

"वरचे तीन दातही असेच बसवून टाका की, डॉक्टरसाहेब," गृहस्थ म्हणाले.

"तिघांचं ओझं दोघांवर नको, काका," डॉक्टर उत्तरले.

या नकारामागे गणित आहे: पुलाचा वाक लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे एका दाताच्या पुलाहून दोन दातांचा आठपट आणि तीन दातांचा सत्तावीसपट वाकतो.

पुढे बधिरतेचे इंजेक्शन देऊन दोन्ही दात घासण्यात आले. त्यांच्या भिंती वर किंचित निमुळत्या, पण परस्परांस समांतर हव्यात. फार निमुळत्या झाल्यास त्यांवर बसणारी पुलाची टोपी निसटते, आणि समांतर नसल्यास पूल बसतच नाही. मागची दाढ रिकाम्या जागेकडे कलल्यामुळे येथे बराच वेळ गेला. मग माप घेतले गेले. कृत्रिम दाढेचा तळ गुळगुळीत व बहिर्वक्र ठेवून हिरडीवर दाब येऊ न देण्याची ताकीद प्रयोगशाळेस लेखी देण्यात आली, कारण तेथे अन्न अडकले की हिरडी सुजते आणि आधारदंतही धोक्यात येतात.

पुलासाठी प्रसंगी निरोगी दातही घासावे लागतात, आणि घासलेला दात पूर्ववत होत नाही. म्हणून पूल किती वर्षे टिकेल हे विचारण्यापूर्वी, शेजारचे दात हा भार पेलतील काय, हे वाचकांनी आपल्या डॉक्टरांस अवश्य विचारावे.