विणकामातील धागा व नमुना : निवडीची तत्त्वे

हातविणकामात धागा व नमुना यांची निवड परस्परावलंबी असते. लोकर लवचिक असल्याने उठावदार वेणीच्या विणीस ती अनुकूल ठरते. सुती धागा उष्ण हवामानात सुखावह असला तरी कमी लवचिकतेमुळे वस्त्र वापरात सैल पडते. ॲक्रिलिक धुण्यास सोपे, परंतु घाम फारसा शोषत नाही. बहुरंगी धाग्यात जाळीदार नमुना लोपतो. म्हणून निवडलेल्या धाग्याचा चौकोनी तुकडा आधी विणून, धुऊन, वाळवून मोजणे आवश्यक आहे. १० सें.मी. रुंदीत २२ टाके अपेक्षित असता २० च बसल्यास, ९० सें.मी. घेरासाठी घातलेल्या १९८ टाक्यांचा स्वेटर ९९ सें.मी. होतो. अशा वेळी अधिक बारीक सुया घ्याव्यात. अन्यथा कित्येक दिवसांचे श्रम व्यर्थ जातात.