पेल्याची साक्ष

माणसाची जीभ भीतीने, लोभाने किंवा सूडबुद्धीने खोटे बोलू शकते. निर्जीव वस्तूला हे विकार नसतात. म्हणूनच गुन्ह्याच्या जागी सापडलेला केस, बोटाचा ठसा किंवा रक्ताचा डाग ह्यांना आजच्या न्यायालयांत मोठे महत्त्व प्राप्त झाले आहे. ह्याच विषयाला वाहिलेली ‘सी. एस. आय.’ नावाची अमेरिकन मालिका २००० ते २०१५ ह्या काळात दूरचित्रवाणीवर चालली. लास वेगास शहरातील पोलीस प्रयोगशाळेचे तपासनीस हे तिचे नायक. बहुतेक भागांत ते सूक्ष्म पुराव्यांचे धागे जुळवितात, अपराधी पकडला जातो आणि प्रेक्षक समाधानाने निजावयास जातो. परंतु १९ मे २००५ रोजी दाखविलेला, क्वेंटिन टॅरंटिनो ह्यांनी दिग्दर्शित केलेला ‘ग्रेव्ह डेंजर’ हा दुहेरी भाग प्रेक्षकाला असे स्वस्थ निजू देत नाही.

निक स्टोक्स हा तरुण तपासनीस रात्री एका जागी पुरावा गोळा करण्यास जातो. हे काम निकने करावे की त्याच्या सोबत्याने, हे नाणे उडवून ठरलेले असते. तेथे दबा धरून बसलेला मनुष्य त्याला पळवून नेतो आणि पारदर्शक शवपेटीत घालून जिवंत पुरतो. त्याच्या सुटकेसाठी दहा लाख डॉलरांची मागणी येते. पेटीत कॅमेरा असतो. कळ दाबली की पेटीतील दिवा लागतो आणि तडफडणारा निक त्याच्या सोबत्यांना पडद्यावर दिसतो. पण पुढे त्यांच्या ध्यानात येते की, दिव्याला लागणारी वीज पेटीत हवा खेळविणाऱ्या पंख्याच्या वाट्याची आहे. मायेपोटी त्याला पाहावे, तर तेवढा त्याचा श्वास कमी करावा, असा तो क्रूर पेच!

तपासनिसांचे प्रमुख ग्रिसम पैसे घेऊन जातात तेव्हा वॉल्टर गॉर्डन नावाचा एक वयस्क मनुष्य समोर येतो. आपल्या सहकाऱ्याला अशा स्थितीत पाहून तुम्हांला काय वाटते, असा प्रश्न तो ग्रिसमना विचारतो आणि स्फोटकाने स्वतःचाच अंत करून घेतो. मग उलगडा होतो. त्याची मुलगी केली ही एका खुनात साहाय्य केल्याच्या आरोपावरून तुरुंगात आहे. तिला गोवणारा पुरावा म्हणजे थर्मोकोलच्या पेल्यावर सापडलेला तिच्या शरीराचा सूक्ष्म अंश. ती निरपराध आहे अशी बापाची खात्री. आणि आपले लेकरू डोळ्यांदेखत गाडले जात असता हतबल राहणे म्हणजे काय, हे त्याला प्रयोगशाळेच्या माणसांना भोगावयास लावावयाचे होते. त्यासाठी त्याने ज्याला धरले, तो निक केवळ नाण्याच्या एका बाजूमुळे त्याच्या तावडीत सापडला होता.

ह्या बापाचे कृत्य असमर्थनीय आहे, ह्यात शंका नाही. पण त्याने उभा केलेला प्रश्न त्याच्याबरोबर मरत नाही. पेला खोटे बोलत नाही हे खरे. परंतु पेला सांगतो तरी किती?

रक्त, लाळ, केसाचे मूळ ह्यांतील पेशींत ‘डी. एन. ए.’ नावाचे द्रव्य असते व त्याची रचना व्यक्तिगणिक वेगळी असते. ह्या भेदावरून माणूस ओळखण्याची रीत इंग्लंडातील लेस्टर विद्यापीठाचे प्रा. अ‍ॅलेक जेफ्रीज ह्यांना १९८४ साली सापडली. लेस्टरच्या परिसरात १९८३ व १९८६ साली दोन शाळकरी मुलींचे खून झाले होते. सतरा वर्षांच्या एका मुलाने त्यांपैकी एका खुनाची कबुलीही दिली होती. परंतु तपासणीत आढळले की दोन्ही खून एकाच माणसाचे आहेत आणि तो माणूस हा मुलगा नव्हे. गुन्ह्याच्या तपासात प्रथमच वापरलेल्या ह्या विद्येने अपराध्याला धरण्यापूर्वी एका निरपराध मुलाला सोडविले, ही गोष्ट स्मरणात ठेवण्यासारखी आहे. खरा खुनी पुढे सापडला व १९८८ साली त्याला जन्मठेप झाली.

आता ह्याच्या उलट उदाहरण पाहावे. कॅलिफोर्नियात २०१२ साली एका धनिकाचा त्याच्या घरात खून झाला. मृताच्या नखांवर एका बेघर माणसाचा डी. एन. ए. सापडला आणि त्याच्यावर खुनाचा आरोप ठेवण्यात आला. तो सुमारे पाच महिने तुरुंगात होता. अखेर उघड झाले की, खुनाच्या रात्री तो मद्याच्या अमलाखाली रुग्णालयात पडून होता! त्याला रुग्णालयात पोहोचविणारे रुग्णवाहिकेचे सेवकच काही तासांनी त्या धनिकाच्या घरी गेले होते आणि त्यांच्यामार्फत हा सूक्ष्म अंश मृताच्या बोटांपर्यंत पोहोचला होता. प्रयोगशाळेची तपासणी अचूक होती. तिच्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र चुकीचा होता.

पेल्यावरील लाळ एवढेच सांगते की, ही लाळ अमक्याची आहे. तो पेला तेथे कसा आला, त्या व्यक्तीच्या मनात काय होते, तिने काय केले, हे पेला सांगू शकत नाही. ते माणसांनीच शोधावयाचे असते. आपल्या घरांतून व गावांतूनही दुसरे काय घडते? कोणाच्या अंगणात कोणाची वहाण सापडली, संध्याकाळी कोण कोणत्या वाटेने जाताना दिसला, एवढ्यावरून आपण एखाद्याच्या मुलाला चोर ठरवून मोकळे होतो. वहाण खरी असते. तिच्याभोवती रचलेली कथा आपली असते. आणि ज्याच्याविषयी ती रचली जाते, त्याच्याही घरी आईबाप असतात.

निकचे पुढे काय झाले? मातीत पुरलेल्या त्या पेटीत शिरून त्याला डसणाऱ्या मुंग्यांनीच त्याचा ठावठिकाणा दिला. त्या जातीच्या मुंग्या रोपवाटिकेच्या मातीत आढळतात हे कीटकशास्त्र जाणणाऱ्या ग्रिसमनी ओळखले, आणि स्फोटके पेरलेल्या त्या खड्ड्यातून सोबत्यांनी त्याला जिवंत बाहेर काढले.

बरा झाल्यावर निक एके दिवशी तुरुंगात केलीला भेटावयास जातो. तिच्या बापाने त्याला पुरले होते आणि त्याच्या प्रयोगशाळेच्या पुराव्याने ती गजांआड गेली होती. तो तिला दोष देत नाही, की पुराव्याविषयी वाद घालीत नाही. येथून सुटशील तेव्हा हे सारे सोबत नेऊ नकोस, एवढेच तो तिला विनवितो. गॉर्डनने आपल्या मुलीचे दुःख वाहून नेले आणि ते दुसऱ्याच्या मुलाच्या अंगावर लादले. ते ओझे आणखी कोणाकडे न जाता आपल्यापाशीच थांबावे, असे वाटल्यानेच हा तरुण त्या गजांपर्यंत चालत गेला असावा.